यूजनेट : प्रवेशमार्ग व स्पॅमनिवारण

यूजनेट : जगभरच्या संगणकांवर पसरलेली, विषयवार चर्चागटांची व्यवस्था. या गटांना ‘न्यूजग्रुप’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यांत बातम्या कमी व चर्चाच अधिक असते. यूजनेटला मालक नाही आणि मध्यवर्ती संगणकही नाही. एका सर्व्हरवर टाकलेला मजकूर शेजारच्या सर्व्हरकडे, तिथून पुढच्याकडे असा पसरत जातो. नको तो मजकूर (स्पॅम) उगमापाशीच अडवणारे सहसा कोणी नसल्याने तो गाळावा लागतो वाचक ज्या दारातून आत येतो त्या दारात. म्हणून वाचनाचा मार्ग नीट निवडला, की स्पॅम टाळण्याचे निम्मे काम होते.

इतिहास : अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांना १९७९ मध्ये ही कल्पना सुचली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी पहिला प्रोग्रॅम लिहिला आणि १९८० मध्ये व्यवस्था इतरांना खुली झाली. १९८६ मध्ये ‘एनएनटीपी’ हा संदेशवहनाचा नियमसंच आला. १९८७ मध्ये गटांची नव्याने विषयवार विभागणी झाली : संगणकासाठी ‘कॉम्प’, विज्ञानासाठी ‘साय’, समाज व संस्कृतीसाठी ‘सॉक’ इत्यादी. लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची (पुढे लिनक्स) पहिली वार्ता १९९१ मध्ये ‘कॉम्प.ओएस.मिनिक्स’ या गटात दिली. ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या गटात मराठी माणसे रोमन लिपीत मराठी लिहीत.

स्पॅमचा उद्भव : १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोना राज्यातील कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात हजारो गटांत टाकली. एकच मजकूर अनेक गटांना मिळून पाठवला (क्रॉसपोस्ट), तर सर्व्हरवर त्याची एकच प्रत राहते. एका गटात तो वाचला, की वाचनाचा प्रोग्रॅम इतर गटांत तो पुन्हा दाखवत नाही. या जाहिरातीची प्रत मात्र प्रत्येक गटात सुटी टाकलेली होती. त्यामुळे वीस गट वाचणाऱ्याला ती वीस वेळा दिसली. हाच फरक पुढे ‘ब्राइडबार्ट निर्देशांका’त मोजला गेला. त्यात प्रत्येक प्रत जितक्या गटांत गेली त्या संख्येचे वर्गमूळ घेऊन बेरीज करतात. नऊ गटांना मिळून एक प्रत पाठवली तर निर्देशांक ३. नऊ सुट्या प्रतींचा ९. ४५ दिवसांत हा आकडा २० वर गेला, की मजकूर रद्द करण्याजोगा मानण्याची प्रथा पडली.

प्रवेशमार्ग : (१) न्यूजरीडर : सर्व्हरला थेट जोडणारा प्रोग्रॅम. थंडरबर्ड, पॅन, टिन ही त्याची उदाहरणे. चाळणी वाचकाच्या हाती राहते, हा याचा मोठा गुण. (२) वेबसाइट : सोपा मार्ग, पण गाळणी साइटच्या मर्जीवर. १९९५ मध्ये सुरू झालेला डेजा न्यूज या साइटचा संग्रह गूगलने २००१ मध्ये घेऊन ‘गूगल ग्रुप्स’मध्ये आणला. या मार्गाने स्पॅमही मोठ्या प्रमाणात आत शिरला. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सवर यूजनेटचा नवा मजकूर येणे बंद झाले. जुना संग्रह तेवढा वाचता येतो. (३) ईमेल : काही गट ईमेल-यादीला जोडलेले असतात. मजकूर घरपोच येतो, पण टपालपेटी लवकर भरते.

बचाव : सर्व्हर निवडताना तो स्पॅम गाळतो का आणि लिहिणाऱ्यांकडून नोंदणी मागतो का, हे आधी पाहावे. नियंत्रक असलेल्या गटांत मजकूर तपासूनच पुढे जातो. तिथे स्पॅम क्वचितच दिसतो. न्यूजरीडरमधील ‘किलफाइल’मध्ये नाव किंवा विषयातील शब्द नोंदवला, की तसे संदेश दृष्टीआड होतात. लिहिताना ‘प्रेषक’ या रकान्यातील पत्ता सर्वांना दिसतो आणि पत्ते गोळा करणारे प्रोग्रॅम तो तिथूनच उचलतात. म्हणून तिथे चर्चेपुरता वेगळा पत्ता द्यावा, किंवा शेवटी ‘.इन्व्हॅलिड’ लावलेला पत्ता द्यावा. हा शेवट खऱ्या वापरासाठी कोणालाच दिला जात नाही. दुसऱ्याचा खरा पत्ता मात्र कधीही वापरू नये. स्पॅमला गटात उत्तर देऊ नये. उत्तरासोबत तोच मजकूर पुन्हा सर्वत्र पोहोचतो. तक्रार स्पॅम पाठवणाऱ्याच्या सर्व्हरचालकाकडे करावी.

यूजनेटवर आज मोफत व सशुल्क असे दोन्ही प्रकारचे सर्व्हर चालू आहेत. केवळ चर्चा वाचण्या-लिहिण्यासाठी, स्पॅम गाळणारा मोफत सर्व्हर आणि स्वतःचा न्यूजरीडर एवढी जोडी पुरेशी आहे.