फझी तर्कावर ढिलेपणाचा ठपका

यंत्र नेमके, म्हणून त्याचे प्रतिमानही समीकरणांचेच हवे. ‘थोडे’, ‘फार’, ‘हळूहळू’ अशा शब्दांवर उभा राहणारा फझी तर्क ढिला, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. या पक्षाला भारदस्त आधारही आहे. नियंत्रणशास्त्रातले थोर गणिती रुडॉल्फ काल्मन यांनी १९७२ मध्येच फझी तर्काचे जनक लोत्फी झादे यांच्या विचारावर सैलपणाला मुभा दिल्याचा ठपका ठेवला होता.

हा आक्षेप कलबुर्गी जिल्ह्यातच तपासावा. तिथल्या चुनखडीवर वाडी, मळखेड, सेडमचे सिमेंट कारखाने उभे आहेत. फिरत्या भट्टीत माल सुमारे १४५० अंशांना पोचला की त्याचा काही भाग वितळतो. चिकट झालेला माल भिंतीबरोबर अधिक वर चढतो आणि भट्टी फिरवणाऱ्या मेन ड्राइव्हच्या मोटरवरचा भार वाढतो. म्हणून मोटरचा करंट हा भट्टीच्या पोटातल्या उष्णतेचा खबऱ्या. पण आत रिंग, म्हणजे भिंतीला चिकटलेल्या मालाचे कडे, धरली तरी तोच करंट चढतो, आणि प्रयोगशाळेतून फ्री लाइमचा, म्हणजे न जुळलेल्या चुन्याचा, आकडा येईपर्यंत तो माल केव्हाच बाहेर पडलेला असतो. मोटरचे समीकरण सुबक मांडता येते. त्यातला भारच निसटता. जाणता ऑपरेटर करंटचा कल, ऑक्सिजन आणि ज्वाळा एकत्र वाचतो. डेन्मार्कच्या एफ. एल. स्मिथ कंपनीने १९७०च्या दशकाच्या अखेरीस अशा ऑपरेटरांचेच नियम फझी रूपात भट्टीवर चालवले. बिदर-कलबुर्गीच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी कंट्रोल रूममध्ये बसून भट्टी अशी वाचायला शिकावे, असे मला मनापासून वाटते.

आणि ढिलेपणा कुठे आहे? समजा, ‘करंट उतरतो आहे’ हे ०.७ इतके खरे आणि ‘ऑक्सिजन पुरेसा आहे’ हे ०.४ इतके. फझी नियंत्रणाच्या ममदानी-पद्धतीत त्यांतल्या लहान आकड्याच्या, म्हणजे ०.४ च्या जोराने ‘कोळसा थोडा वाढवा’ हा नियम लागू होतो. त्याच मापांना दरवेळी तेच उत्तर!

स्थिरतेची सिद्धता इथे आयती मिळत नाही, हा आक्षेपाचा अंश मान्य. फझी तर्क सगळीकडे चालवावा, असेही माझे म्हणणे नाही. वीज गेली की तापलेली भट्टी वाकू नये म्हणून ती ऑक्झिलिअरी ड्राइव्हने सावकाश फिरवत ठेवतात. तो जोडलेला असताना मेन ड्राइव्ह सुरू होता कामा नये, इथे ०.४ ला जागा नाही. इथे औपचारिक भाषा हवी. प्रत्येक घटना एक अक्षर, घटनांचा क्रम म्हणजे शब्द, आणि चालणाऱ्या शब्दांचा संच म्हणजे भाषा. ‘जोडला’नंतर ‘सुटला’ न येताच ‘मेन सुरू’ आले, तर तो शब्द भाषेबाहेरचा. नियंत्रणशास्त्रज्ञ रॅमेज आणि वोनॅम यांच्या १९८७ च्या मांडणीत आणखी एक भेद आहे: ‘सुरू कर’ ही आज्ञा रोखता येते, वीज जाणे रोखता येत नाही. वीज जाणारच नाही या भरवशावर बेतलेली रचना त्या कसोटीवर कागदावरच बाद होते.