समोच्चारी इंग्रजी शब्दांचे जुने दप्तर

‘रात्र’ आणि ‘सरदार योद्धा’ या दोन्ही अर्थांचे इंग्रजी शब्द कानाला ‘नाइट’ असेच ऐकू येतात, आणि दुसऱ्याच्या आरंभी एक मुका ‘के’ लिहावा लागतो, म्हणून आपला विद्यार्थी त्या लेखनपद्धतीला दूषणे देतो. परंतु तो ‘के’ मुळात मुका नव्हता. चौदाव्या शतकात, इंग्रज कवी चॉसरच्या हयातीत, तो स्पष्ट उच्चारला जाई, मधल्या ‘जीएच’चाही घर्षणयुक्त ध्वनी होई, आणि योद्धा ‘क्निख्त’सारखा, तर रात्र ‘निख्त’सारखी ऐकू येई. कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला, तेव्हापासून लेखन हळूहळू स्थिरावू लागले. पण त्याच कालखंडात दीर्घ स्वरांचे उच्चार मात्र झपाट्याने पालटत होते. ‘मांस’ आणि ‘भेटणे’ या अर्थांच्या दोन ‘मीट’ शब्दांतील स्वर पूर्वी निरनिराळे होते. ते पुढे प्रमाण बोलीत एकवटले, लेखनातील भेद तेवढा शिल्लक राहिला.

काही जोड्यांची कथा याच्या नेमकी उलट आहे. फूल आणि पीठ यांना इंग्रजीत जे समोच्चारी शब्द आहेत, ते मूळचे एकच, फ्रेंचमधून आलेले; दळलेल्या धान्याचा उत्तम, वेचक अंश तो त्याचे ‘फूल’, या कल्पनेने पिठाला ते नाव पडले, आणि १७५५ सालच्या आपल्या विख्यात कोशात डॉ. जॉन्सन यांनीही पिठासाठी निराळे लेखन दाखल केले नाही.

या गुंत्यातून वाट दाखविण्याची तजवीज प्रथम शाळामास्तरांनी केली. रिचर्ड हॉजेस या शिक्षकाने १६४३ साली उच्चार सारखा, परंतु अर्थ आणि लेखन भिन्न अशा शब्दांना वाहिलेले पुस्तक लंडनमध्ये छापले. माझ्या मते हे काम फार मोलाचे आहे. कारण त्या काळी कोणते शब्द कानाला एक झाले होते, याचा दाखला त्यातून मिळतो. पुढे राजकवी रॉबर्ट ब्रिजेस यांनी १९१९ साली याच विषयावर निबंध लिहून असे शब्द भाषेला अपायकारक असल्याचे प्रतिपादिले. ही चिंता मला अतिरेकी वाटते. आपणही ‘दिन’ आणि ‘दीन’ बहुधा एकाच उच्चाराने बोलतो, तरी संदर्भामुळे कोणाचा घोटाळा होत नाही.

तेव्हा शिक्षकांना एवढीच विनंती, की हे शब्द केवळ घोकून न घेता त्यांचा पूर्वेतिहासही मुलांना सांगावा.