ओट्यावरची सावली

संध्याकाळी सातच्या सुमारास स्वयंपाकघरातला दिवा लावून ओट्यापुढे उभे राहा आणि हातांकडे पाहा. बहुतेक घरांत हात जिथे चालतो नेमकी तिथेच आपली सावली पडलेली असते. मधली फरशी लख्ख उजळलेली असते आणि कांदा मात्र अंधारात चिरला जातो. मग कुणीतरी जास्त वॅटचा दिवा आणून लावतो. खोली आणखी उजळते, सावली होती तिथेच राहते. म्हणून स्वयंपाकघराची प्रकाशयोजना करताना उजेड किती हवा याच्याआधी तो कुठून यावा हे ठरवावे लागते. घर बांधताना किंवा फ्लॅट घेताना याचा विचार फार क्वचित होतो, आणि त्याची किंमत रोज दोन वेळा ओट्यापाशी उभे राहणारी व्यक्ती वर्षानुवर्षे चुकवत राहते.

एक नेहमीचे स्वयंपाकघर घेऊ. रुंदी ८ फूट, म्हणजे सुमारे २.४ मीटर. एका भिंतीला ६० सेंटिमीटर खोल ओटा, त्याची उंची ८५ सेंटिमीटर. बिल्डरने ट्यूबचा पॉइंट समोरच्या, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर २.३ मीटर उंचीवर दिलेला. वायर तिथे सहज पोहोचते, एवढेच त्याचे कारण. आता १५५ सेंटिमीटर उंचीची व्यक्ती ओट्याच्या कडेपासून २० सेंटिमीटरवर उभी राहिली, की दिव्यापासून तिच्या डोक्यावरून जाणारी रेषा ओट्याला लागतच नाही. ती थेट पलीकडच्या टाइलवर, ओट्यापासून वीतभराहून वर जाऊन टेकते. म्हणजे त्या व्यक्तीसमोरचा ओटा पुढच्या कडेपासून भिंतीपर्यंत सगळाच सावलीत.

दिवा छताच्या मध्यावर २.७ मीटर उंचीवर नेला, तर चित्र पुष्कळ सुधारते. सरळ उभे राहिल्यास सावली ओट्याची जेमतेम चार सेंटिमीटर कड व्यापते. पण भाजी चिरताना कोणी सरळ उभे राहत नाही. मान पुढे झुकली, डोके पाव मीटर पुढे सरकले, की तीच सावली ओट्यावर ३५ सेंटिमीटर आत शिरते. नेमकी भाजीपाशी, म्हणजे पाटावर, सुरीच्या टोकाशी. नवे घर पाहायला जातो तेव्हा आपण सरळ उभे असतो, त्यामुळे हा दोष त्या वेळी ध्यानात येत नाही.

यावर हल्ली फॉल्स सीलिंग करून ओट्याच्या कडेच्या बरोबर वर डाउनलाइट बसवतात. तिथे दुसरीच अडचण येते. ओट्यावरच्या कपाटांची खोली ३० ते ३५ सेंटिमीटर असते. त्यांचा तळ ओट्यापासून ६० सेंटिमीटरवर धरला, तर वरून येणारा प्रकाश कपाटाच्या कडेला अडतो आणि ओट्याची मागची साधारण २० सेंटिमीटरची पट्टी अंधारात जाते. मिसळणाचा डबा नेमका तिथेच ठेवलेला असतो.

या सगळ्यातून निघणारी वाट एकच आहे: कामाचा दिवा स्वयंपाक करणारी व्यक्ती आणि भिंत यांच्या मधोमध, कपाटाच्या तळाशी हवा. तिथून येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत डोके येतच नाही. शिवाय अंतराचा फायदा मिळतो. प्रकाश जितका लांबून येतो तितका पसरतो, आणि तिरका पडला तर आणखी विरळ होतो. हा दुसरा नियम योहान हाइन्रिश लाम्बर्ट याने १७६० मध्ये ‘फोटोमेट्रिया’ या ग्रंथात मांडला. तो आपल्या ओट्याला लावून पाहू. दिव्यातून निघणारा प्रकाश ल्युमेनमध्ये आणि ओट्यावर पडणारा लक्समध्ये मोजतात. छताच्या मध्यावरची २० वॅटची, २००० ल्युमेनची चार फुटी एलईडी बॅटन ओट्यावर थेट प्रकाश देते तो सव्वाशे लक्सच्याही आत. कपाटाखालची १० वॅटची, १००० ल्युमेनची दोन फुटी बॅटन बरोबर खाली सुमारे ७५० लक्स देते आणि अर्धा मीटर बाजूलाही ३५० च्या आसपास. वीज निम्मी, उजेड तिप्पट ते सहापट. भिंतींवरून परतणारा प्रकाश या हिशेबात धरलेला नाही, पण त्याने निष्कर्ष बदलत नाही. चिराचिरी आणि निवडटिपण यांसाठी ३०० ते ५०० लक्स पुरेसे मानले जातात. आणि हा दिवा रोज तीन तास जळला, तरी महिन्याचे एक युनिटही होत नाही.

बॅटन कपाटाच्या पुढच्या कडेशी, आतल्या बाजूला लावावी आणि तिच्यापुढे दोन बोटे रुंद आडपट्टी खाली सोडावी, म्हणजे ती डोळ्यांत येत नाही. भिंतीलगत लावली तर टाइल झगमगतात आणि हातापाशी उजेड कमी पडतो. ओटा काळ्या चकचकीत ग्रॅनाइटचा असेल, तर एलईडीचे सुटे ठिपके त्यात आरशासारखे उमटून डोळ्यांना टोचतात. तिथे दुधी आवरण असलेलाच दिवा घ्यावा.

मात्र छतावरचा दिवा काढून टाकू नये. विळीवर बसून भाजी चिरणारी, खाली बसून परातीत पीठ मळणारी माणसे अजून घरोघरी आहेत. कपाटाखालचा दिवा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण ओटाच आडवा येतो. ही माणसे बहुधा घरातली वडीलधारी असतात. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो; बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. सुनेला पुरेसा वाटणारा उजेड सासूबाईंना कमी पडतो तो यामुळे. त्यांना भिंतीकडे तोंड करून न बसवता दिव्याकडे तोंड करून बसू द्यावे, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

रंगाचा मुद्दा तर माझ्या मते उजेडाच्या प्रमाणाइतकाच महत्त्वाचा आहे. कांदा गुलाबी झाला की तांबूस, फोडणीतला लसूण करपायला लागला का, मासळीचे कल्ले लाल आहेत की विटके, डाळीला भुंगा लागलाय का, हे सगळे निर्णय डोळा रंगावरून घेतो, आणि त्यांतले बरेच लाल-तपकिरी पट्ट्यात येतात. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. ज्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यावर पिवळ्या प्रकाशाचे फॉस्फर बसवून पांढरा भास निर्माण केलेला असतो. त्यामुळे स्वस्त दिव्यांत गडद लाल प्रकाश तुटपुंजा असतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा खोक्यावरचा सीआरआय हा आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो. गडद लाल त्यात धरलेलाच नाही. तो आर-९ म्हणून वेगळा मोजतात. म्हणून ८० सीआरआयच्या दिव्याखालीही मटणाचा रस्सा मातकट दिसू शकतो. ओट्यासाठी ९० च्या वरचा दिवा घ्यावा, आणि आर-९ दिलेला असेल तर तोही पाहावा.

आपल्याकडे ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड म्हणजेच चांगला उजेड असा समज रुळला आहे. मी ४००० केल्विनची शिफारस करेन. त्यात भाजी ताजी दिसते आणि चेहरेही आजारी दिसत नाहीत. छत आणि ओटा यांसाठी एकच केल्विन ठेवावे.

दिवसाचा उजेड सर्वांत चांगला, पण शहरातल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराची खिडकी अनेकदा ड्राय बाल्कनीत उघडते आणि तिथे वाळणाऱ्या चादरी तो अडवतात. जुन्या कौलारू घरांत चुलीच्या वर बसवलेले काचेचे एकच कौल यापेक्षा जास्त उजेड देत असे. भिंती आणि छत पांढरे ठेवले, तर आलेल्या प्रकाशातला बराचसा परत मिळतो. गडद लॅमिनेटची कपाटे तो गिळतात.

वाफ आणि तेलाचा चिकट थर हा दिव्याचा शत्रू. शेगडीच्या बरोबर वर बॅटन लावू नये. तिथे चिमणीचा दिवा असू द्यावा. बाकीचे दिवे बंद आवरणाचे, पुसता येतील असे असावेत आणि महिन्यातून एकदा, बटण बंद करून, खरोखर पुसावेत.

हे सगळे टाइल बसायच्या आधी ठरायला हवे. नंतर वायर कपाटाखालून लोंबते, नाहीतर नवी टाइल फोडावी लागते. भिंतीला झिरी मारायच्या वेळी इलेक्ट्रिशियनला कपाटाच्या तळाच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे १४५ सेंटिमीटरवर, वेगळा पॉइंट काढायला सांगावा. त्याचे बटण सिंकपासून लांब आणि छताच्या दिव्यापासून स्वतंत्र ठेवावे. त्याआधी एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, प्लगला जोडलेली बॅटन कुणालातरी त्या उंचीवर धरायला लावावी. मग घरात जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिने ओट्याच्या जागी मांडलेल्या टेबलापाशी वाकून खरोखरची मेथीची जुडी निवडून पाहावी, आणि बॅटन जिथे धरल्यावर तिला पानामागची अळी दिसेल तिथे भिंतीवर खडूने खूण करावी.