नाडी लोपते, हृदय थांबत नाहीं

योगी आपलें हृदय थांबवूं शकतो काय? यवतमाळपासून मुंबईपर्यंत कोणत्याहि बैठकींत हा प्रश्न निघाला, कीं दोन पक्ष पडतात: एक सर्व खरें मानणारा, दुसरा सर्व थोतांड म्हणणारा. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनीं तिसरा मार्ग धरला. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनीं क्ष-किरण व रक्तदाबमापक यांच्या साह्यानें योगक्रियांची परीक्षा आरंभिली आणि तिचे निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकांतून प्रसिद्ध केले.

हृदयाच्या प्रश्नाचा उलगडा पुढें झाला. १९३५ सालीं फ्रेंच वैद्य तेरेझ ब्रॉस यांनीं भारतांत घेतलेल्या एका हृदयालेखांत लहरी जवळजवळ लोपल्या होत्या. परंतु वेंगर, बागची व आनंद यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग निराळें सांगतात. श्वास कोंडून, कंठ मिटून छाती-पोटाचे स्नायू आवळले, कीं छातींतील दाब वाढतो व हृदयाकडे परतणारें रक्त घटतें. मग मनगटाची नाडी लागत नाहीं, हृदयाचे ठोके ऐकूं येत नाहींत. विद्युत्-आलेखांत मात्र हृदय चालूंच असतें!

मग योगी लबाड ठरले काय? मुळींच नाहीं. याच प्रयोगांत एका साधकानें निराळ्या प्रकारच्या क्रियेनें हृदयाची गति खरोखरच मंद केली. हृदय आपल्या आज्ञेंत नाहीं. श्वास मात्र झोपेंत आपोआप चालतो आणि जागेपणीं कांहीं अंशीं आपलें ऐकतो. हृदयाकडे जाणारी वाट त्या श्वासांतून आहे. चमत्कार गेला, श्रोतेहो. पण हातीं ज्ञान आलें.