साडेअकरा पौंडांचा करार

परदेशी जाऊन उच्च शिक्षण घ्यावयाचे, तर पैसा कोठून आणावा? विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदी विद्यार्थ्यासमोर याची उत्तरे फार थोडी होती. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली सुरू केलेला निधी कर्जाऊ रक्कम देई. त्याच्या पहिल्या दोन मानकरी स्त्रिया होत्या, त्यांपैकी एक डॉ. कृष्णाबाई केळवकर. पं. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, त्यांची अट अशी की पुढे इंग्रज सरकारची चाकरी पत्करावयाची नाही. १९०६ साली सावरकर लंडनला गेले ते अशाच एका शिष्यवृत्तीवर. तिसरा मार्ग संस्थानांचा. तेथे अट उलटी असे: शिक्षण पुरे झाले की दरबारची नोकरी केलीच पाहिजे. पैसा कोणाचाही असो, तो मोकळ्या हाताने येत नसे.

या तिसऱ्या मार्गाचे सर्वांत गाजलेले उदाहरण आम्हा बडोदेकरांच्या दारचे आहे. ते सांगताना सयाजीराव महाराजांच्या औदार्याचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्या औदार्याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही.

भीमराव आंबेडकर यांना एल्फिन्स्टन कॉलेजात असताना महाराजांकडून दरमहा २५ रुपये मिळत. पदवीनंतर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. पण लगेच वडील अत्यवस्थ झाल्याने मुंबईस परतले, आणि २ फेब्रुवारीस रामजी सुभेदार निवर्तले. घराचा आधार गेला. त्याच सुमारास महाराजांनी काही विद्यार्थी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात धाडण्याचे ठरविले. ४ जून १९१३ रोजी शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यासमोर करारावर सही झाली. १५ जून १९१३ पासून तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, आणि त्याच्या मोबदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे सरकारची सेवा.

त्या वेळी रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे पौंडास पंधरा रुपये होता. साडेअकरा पौंडांचे १७२ रुपये ८ आणे झाले. तीन वर्षांचे मिळून ४१४ पौंड, म्हणजे ६,२१० रुपये. मुंबईत ही रक्कम भरघोस वाटली असती, न्यूयॉर्कमध्ये ती बेताचीच. आणि तिच्यातूनही काही भाग मुंबईस घरी पाठवावा लागे. अशा ओढाताणीत १९१५ साली एम. ए., ९ मे १९१६ रोजी जातिसंस्थेवरील निबंधाचे वाचन आणि जूनमध्ये हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंध, इतके काम उभे राहिले. ऑक्टोबरात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. वर्षभराची वाढीव मुदत संपताच दरबारचे बोलावणे आले. प्रा. एडविन कॅनन यांच्या मदतीने अभ्यास चार वर्षांच्या आत पुन्हा हाती घेण्याची परवानगी तेवढी मिळाली. परतताना सामानाचे जहाज महायुद्धात बुडाले. बडोद्याचा प्रवासखर्च निघाला तो त्या सामानाच्या भरपाईतून!

यापुढील प्रकरण आम्हाला सांगणे जड जाते, पण टाळता येत नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये करार पाळण्यासाठी ते या शहरात आले. ज्या राज्याने त्यांना समुद्रापार धाडले, त्या राज्याच्या राजधानीत त्यांना खोली मिळेना. नाव बदलून एका पारशी खानावळीत दीड रुपया रोजाने त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. कचेरीत महालेखापालांच्या हाताखाली काम होते, पण निवाऱ्याबाबत महाराजांकडे केलेला अर्ज दिवाणांकडे गेला आणि दिवाणांनी असमर्थता दाखविली. मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी कमाटीबागेत काही तास काढले. दहा वर्षांचा करार असा थोड्या दिवसांत मोडला. तो कोणी मोडला, याचे उत्तर कागदावर सोपे आहे, शहराच्या इतिहासात तितके नाही. शिष्यवृत्ती खजिन्यातून देता येते. शेजार मात्र कोणत्याही खजिन्यात नसतो, हे ज्या राज्याने १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले त्यासही सुधारता आले नाही.

अपुरा अभ्यास मग स्वतःच्या कमाईतून पुरा करावयाचा होता. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, दरमहा ४५० रुपये. त्यातली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपये कर्ज, या पुंजीवर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. त्याच वर्षी सरकारने रुपयाचा भाव दोन शिलिंगांवर नेण्याचा खटाटोप केला आणि तो काही महिन्यांत कोसळला. रुपयांत पुंजी बांधून पौंडांत जगणाऱ्या विद्यार्थ्यास या उलथापालथीची झळ ग्रंथांतून शोधावी लागत नाही. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा डी. एस्सी.चा प्रबंध याच विषयावरचा आहे, हे येथे ध्यानी घ्यावे. पैसे संपल्याने एप्रिल १९२३ मध्ये ते परतले. परीक्षकांनी सुचविलेले फेरफार मुंबईतच करून प्रबंध पाठविला आणि पदवी त्याच वर्षी मिळाली.

१९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. अर्पणपत्रिकेवर नाव सयाजीराव गायकवाडांचे आहे. शिक्षणास केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून. खानावळीतील अकरा दिवसांचा तेथे उल्लेख नाही. ते त्यांनी पुढे स्वतंत्रपणे लिहून ठेवले, आणि एकाचा हिशेब दुसऱ्यात मिसळला नाही.

ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद म्हणून त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना निवेदन दिले. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशी शिक्षणासह, सरकारी पैशाची मागणी होती. त्यातून तीन लाख रुपयांची तरतूद झाली, १९४४ मध्ये शालान्तोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि त्या योजनेतून काही विद्यार्थी परदेशी रवाना झाले.