शनिवारवाड्याचे जोते

मागे मंडळाच्या सहलीत शनिवारवाडा पाहिला, तेव्हा पुष्कळ भगिनी म्हणाल्या, “आत तर काहीच नाही!” असे कसे? जोते आहे की! थोरल्या बाजीरावांनी १७३० साली वाड्याचा पाया घातला. दगड आणला चिंचवडच्या खाणींतून, चुना जेजुरीचा, सागवान जुन्नरच्या रानातले. पुढे १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागली. ती आठवडाभर धुमसत होती म्हणतात. मजले, दिवाणखाने, सारे लाकूडकाम जळाले. चौथरे नि पायऱ्या तेवढ्या राहिल्या. हा आपल्या पाट्या-वरवंट्याचाच काळा दगड. पाट्याला टाकी लावून घेणाऱ्या आपणांस त्याचा कठीणपणा निराळा सांगायला नको.

आज हे लिहायचे कारण, आमचा जुना वाडा यंदा पाडायचा ठरला आहे. जोत्याचे घडीव दगड विकून टाकावे, असे घरात चालले आहे. मी एवढेच म्हटले, दारापुढची पायरी द्यायची नाही. सासूबाई तिच्यावर बसून तांदूळ निवडीत. मधोमध ती झिजून खोलगट झाली आहे. नव्या इमारतीत ती बसवायची कुठे, याचा वाद अजून मिटलेला नाही.