गॅल्व्हेस्टनचे वादळ (१९००) आणि घरात राहिलेल्यांची साक्ष

अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या किनाऱ्यालगत, मेक्सिकोच्या आखातात, गॅल्व्हेस्टन नावाचे एक लांबट व अरुंद बेट आहे. सन १९०० च्या शिरगणतीप्रमाणे या बेटावरील शहराची लोकसंख्या ३७,७८९ होती. त्या वर्षीच्या ८ सप्टेंबरला, शनिवारी, या शहरावर जे चक्रीवादळ आले त्यात किमान ६,००० माणसे मृत्यू पावली. ८,००० हा आकडाही सामान्यतः स्वीकारला जातो, आणि मुख्य भूमीवरील मृत धरल्यास तो याहूनही वर जातो. अमेरिकेच्या इतिहासात एका नैसर्गिक आपत्तीने इतके बळी दुसऱ्यांदा घेतलेले नाहीत. या वादळाच्या हवामानशास्त्रीय बाजूविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत निबंधाचा विषय त्याहून मर्यादित आहे. ज्यांनी ती रात्र आपल्या किंवा शेजाऱ्याच्या घरात काढली, त्यांनी घरातच राहण्याचे का ठरविले, आणि त्यांच्या निवेदनांना इतिहासाचे साधन म्हणून कोणती किंमत द्यावयाची, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

पहिल्या प्रश्नाला सरसकट दिले जाणारे उत्तर असे की, लोक बेसावध होते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. शहराची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम ८.७ फूट होती, ही गोष्ट तेथील कोणालाही नवीन नव्हती. भरतीचे पाणी रस्त्यांत येणे हा प्रकार इतका परिचित होता की, त्यासाठी गावात एक साधा शब्द रूढ झाला होता : 'ओव्हरफ्लो'. पाणी काठावरून उतू जाणे, यापलीकडे त्या शब्दात काही नाही. संकटाची छटाही त्यात नाही. शनिवारी सकाळी रस्त्यांत पाणी चढू लागले तेव्हा मुले त्यात खेळावयास उतरली, आणि कित्येक प्रौढ मंडळी लाटांची मौज पाहावयास किनाऱ्यावर गेली. जे दिसत होते त्याला नाव आधीच मिळालेले होते, आणि ते नाव निरुपद्रवी होते. अनुभव शब्दाला जन्म देतो हे खरे; पण एकदा रूढ झालेला शब्द पुढच्या अनुभवाकडे पाहण्याची दृष्टीही बांधून टाकतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

अधिकारी वर्गाची स्थिती याहून फार निराळी नव्हती. टेक्ससच्याच किनाऱ्यावरील इंडियनोला हे बंदर १८७५ व १८८६ च्या वादळांनी उद्ध्वस्त झाले होते, आणि त्यानंतर गॅल्व्हेस्टनला सागरी भिंत बांधण्याची चर्चाही झाली होती. चर्चेपुढे काही गेले नाही. १८९१ मध्ये शहरातील हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी स्थानिक वृत्तपत्रात लेख लिहून, वादळाने या शहराचे मोठे नुकसान होईल ही भीती निव्वळ भ्रम असल्याचे प्रतिपादन केले. १९०० च्या सप्टेंबरात हे वादळ क्यूबा ओलांडून आले तेव्हा ते ईशान्येकडे, फ्लोरिडाच्या दिशेने वळेल असा वॉशिंग्टनचा अंदाज होता. क्यूबातील वेधकांचे मत वेगळे होते. परंतु त्या बेटावरून हवामानविषयक तारा पाठविण्यावर अमेरिकी प्रशासनाने निर्बंध घातला होता. ७ तारखेला गॅल्व्हेस्टनच्या कचेरीवर वादळाचा बावटा चढला. असे बावटे लोकांनी पूर्वीही पाहिले होते.

याच क्लाइन यांनी वादळानंतर काही आठवड्यांत लिहिलेला अधिकृत अहवाल त्या महिन्याच्या 'मंथली वेदर रिव्ह्यू'मध्ये प्रसिद्ध झाला. घरात राहिलेल्यांच्या अनुभवाचे सर्वांत महत्त्वाचे साधन हाच अहवाल होय, असे म्हटल्यास कदाचित विक्षिप्त वाटेल. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला राजवाड्यांपासून अस्सल कागद आणि बखर यांत भेद करण्याची सवय लागलेली आहे. सरकारी अहवाल अस्सल कागदात जमा करावयाचा आणि घरात अडकलेल्या माणसाच्या आठवणी बखरीत, हे ओघानेच येते. पण या अहवालाच्या मध्यावर तो भेदच कोलमडतो. संध्याकाळी ६ वाजून १५ मिनिटांनी कचेरीवरील वायुवेगमापक ताशी १०० मैलांचा वेग दोन मिनिटे नोंदवून उडून गेला. तारा तुटल्या होत्या. यानंतर क्लाइन जी मापे देतात, त्यांतील पाण्याच्या उंचीची मापे त्यांच्या स्वतःच्या घरात घेतलेली आहेत.

हे घर किनाऱ्यापासून काही चौक आत होते. क्लाइन घरी पोहोचले तेव्हा बाहेर पाणी कमरेइतके होते. त्यांनी आजूबाजूच्या लोकांना घरात घेतले. आत चाळीस-पन्नास माणसे जमली. साडेसहाच्या सुमारास त्यांचे बंधू व कचेरीतील सहकारी जोसेफ क्लाइन गळ्याइतक्या पाण्यातून तेथे आले आणि सर्वांनी शहराच्या मध्यभागी जाण्याचा प्रयत्न करावा असे त्यांनी सुचविले. परंतु त्या वेळी छपरे व वासे रस्त्यांतून कागदासारखे उडत होते, बाहेर पडणे म्हणजे आत्मघात ठरला असता, असे अहवाल सांगतो. आणि शहराकडे निघालेले अनेकजण त्याच सुमारास उडत्या लाकडांनी मेले, अशी पुस्तीही जोडतो. साडेसातला क्लाइन अर्धवट उघड्या दारात उभे होते. घरात पाणी आठ इंच होते. ते चार सेकंदांत चार फूट चढले, आणि त्यांना जागचे हलण्यापूर्वी कमरेच्या वर आले. त्या जागी जमिनीची उंची ५.२ फूट आणि जमिनीवर पाणी १० फूट, म्हणजे भरती १५.२ फूट, पुढच्या तासात आणखी सुमारे ५ फूट, म्हणजे एकूण २० फूट, असा हिशेब अहवालात आहे. ही निरीक्षणे काळजीपूर्वक केली असून फुटाच्या काही दशांशांपर्यंत अचूक आहेत, असेही तेथे म्हटले आहे. साडेआठला ते घर कोसळले. आत असलेल्या सुमारे पन्नास माणसांपैकी अठरा वाचली. क्लाइन यांच्या पत्नी पाण्याखालून वर आल्या नाहीत. दोघे बंधू व क्लाइन यांच्या तीन मुली सुमारे तीन तास ढिगाऱ्यावर वाहत राहून निघाल्या ठिकाणापासून ३०० यार्डांवर टेकल्या.

दशांश फुटांची ही ग्वाही वाचून हसू येण्यासारखे नाही. यंत्रे गेल्यावर त्या माणसापाशी मोजण्याचे साधन म्हणून उंबरठा, भिंत आणि स्वतःचे शरीर एवढेच उरले होते, आणि त्याने ती निष्ठेने वापरली. कमरेइतके, गळ्याइतके, आठ इंच, चार फूट हा क्रम इतर रहिवाशांच्या पत्रांतही आढळतो. तेथे माप बहुधा जिन्याच्या पायऱ्यांचे असते. पाणी किती फूट चढले हे सांगता न येणारी व्यक्तीही ते कितव्या पायरीपर्यंत आले हे सांगते. घटनेची वेळ ठरविण्यासाठी अशी निवेदने अधिकृत नोंदींइतकीच उपयोगी पडतात. किंबहुना त्या रात्रीच्या उत्तरार्धासाठी त्यांच्याखेरीज फारसे काही नाही.

अहवालातील आणखी एक वाक्य भाषेच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. किनाऱ्याजवळचे किंवा लहान घरांतले हजारो लोक कुटुंबांसह शहराच्या मध्यभागी गेले व वाचले. परंतु किनाऱ्यापासून काही चौक आत मोठ्या व मजबूत घरांत राहणाऱ्यांना आपण वारा आणि भरती यांतून निभावून जाऊ असे वाटले, अशा आशयाचे ते वाक्य आहे. अशांपैकी एक कोण, तर 'या अहवालाचा लेखक'. अहवालात अन्यत्र 'मी' हे सर्वनाम मोकळेपणाने येते. मी घरी गेलो, मी दारात उभा होतो. ज्या एका ठिकाणी निर्णयाची चूक मान्य करावयाची आहे, तेथे मात्र 'मी' जाऊन तृतीयपुरुष येतो. ही लबाडी मानण्याचे कारण नाही. लेखकाची पत्नी त्या निर्णयात गेली होती. सर्वनामाच्या या बदलापलीकडे त्याला काय करता आले असते?

त्या वाक्यातच पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. घरात राहण्याचा निर्णय बहुधा घराच्या मजबुतीवरून झाला. कच्च्या घरातला माणूस घर सोडून निघाला, पक्क्या घरातला थांबला, आणि वाटेतल्यांनी त्याच्याकडे आश्रय घेतला. हा तर्क मूर्खपणाचा नव्हता. उर्सुलाइन जोगिणींच्या मठात सुमारे हजार माणसे सुखरूप राहिली. ग्रेशॅम यांच्या दगडी वाड्यानेही शेकडोंना तारले. चूक झाली ती एका वेगळ्या जागी. घर वाऱ्याला व पाण्याला तोंड देईल की नाही याचा विचार झाला. पुढच्या ओळीतली घरे मोडून त्यांचे सांगाडे आपल्या घरावर येऊन आदळतील, याचा झाला नाही. क्लाइन यांचे घर लाटांनी पाडले नाही. वाहत आलेल्या घरांनी ते पाडले.

इतर रहिवाशांनी घर टिकविण्यासाठी केलेले उपायही याच समजुतीतून निघालेले दिसतात. गॅल्व्हेस्टनची घरे आपल्याकडील घरांसारखी दगडी जोत्यावर नव्हती. ती बरीचशी लाकडी असून खांबांवर उचललेली होती. पाणी खालून चढले की अशी घरे खांबांवरून सुटून तरंगू लागत. म्हणून लोकांनी दारे उघडी ठेवली आणि कुऱ्हाडीने घराच्या जमिनीला भोके पाडली, की पाणी आत यावे आणि त्याच्या वजनाने घर जागी राहावे. त्या वेळी सात वर्षांची असलेल्या एका मुलीला, आपल्या आईने घासूनपुसून राखलेल्या लाकडी जमिनीवर कुऱ्हाड चालविली हे दृश्य उतारवयापर्यंत आठवत होते. याउलट १८८५ च्या आगीनंतर सक्तीने घातलेली पाटीच्या दगडाची कौले या रात्री घातक ठरली. वाऱ्याने सुटलेल्या पाट्या रस्त्यातल्या माणसांवर पात्यांसारख्या येत होत्या. एका आपत्तीवरचा उपाय दुसरीत शस्त्र झाला. दुपारनंतर मुख्य भूमीकडे नेणारे पूल निकामी झाले होते, उत्तरेच्या वाऱ्याने मागच्या उपसागराचे पाणी व समोरून आखाताचे पाणी एकाच वेळी शहरात आले होते. तेव्हा संध्याकाळी 'घरात राहणे' हा निवडीचा प्रश्न उरलाच नव्हता.

या निवेदनांची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. मोडलेल्या घरांचा ढीग पुढे सरकत सरकत शेवटी मैलोगणती लांब भिंतीसारखा थांबला, आणि त्या ढिगानेच मागच्या घरांना लाटांपासून आडोसा दिला. सुमारे ३,६०० घरे नाहीशी झाली. जी पत्रे व आठवणी उपलब्ध आहेत त्यांतील बहुतेक या ढिगाच्या पलीकडच्या, म्हणजे उभ्या राहिलेल्या घरांतील आहेत. आपले घर टिकले म्हणून आपला निर्णय योग्य होता, असा सूर त्यांत सहज लागतो. ढिगाच्या समुद्राकडील बाजूची साक्ष जवळजवळ नाही. किनाऱ्यावरील सेंट मेरी अनाथाश्रमातील १० जोगिणी व ९३ मुले दोन इमारतींपैकी अधिक मजबूत इमारतीत एकत्र झाली. जोगिणींनी कपडे वाळत घालावयाच्या दोरीने मुलांना आपल्या अंगाशी बांधून घेतले. त्यांतील तीन मुलगे वाचले. आत काय घडले हे त्या तिघांमुळे कळते. इतर शेकडो घरांना असे तीन साक्षीदार लाभले नाहीत.

साक्षीची आणखी एक उणीव पाण्यामुळे झालेली नाही. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे एक-पंचमांश होते. वादळानंतरच्या वृत्तपत्रांत व घाईने छापलेल्या ग्रंथांत ते मुख्यतः प्रेतांवरचे दागिने लुटणारे म्हणून येतात, आणि या कथांना अतिशयोक्तीचा रंग आहे हे पुढील संशोधकांनी दाखविले आहे. प्रत्यक्षात प्रेते नावेवर चढविण्याच्या कामाला त्यांना बंदुकीच्या धाकाने लावले गेले. त्यांनी ती रात्र आपल्या घरांत कशी काढली, याबद्दल १९०० मध्ये त्यांना जवळजवळ कोणीही विचारले नाही. गॅल्व्हेस्टनच्या रोझेनबर्ग ग्रंथालयाने वाचलेल्यांची पत्रे व मुलाखती जमविल्या आहेत. त्यांतील मुलाखती पुष्कळ उशिराच्या, वृद्धापकाळातल्या आहेत. उशिराची आठवण म्हणून त्यांना दुय्यम मानावयाचे झाले, तर क्लाइन बंधूंची आत्मचरित्रेही त्याच पंक्तीत बसतील. ती अनुक्रमे १९४५ व १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. घर सोडण्याबद्दलचा दोघा भावांमधील मतभेद अहवालात एका वाक्यात आटोपतो; धाकट्या भावाच्या पुस्तकात तो बराच ठळक आहे.

१९०२ ते १९०४ या काळात १७ फूट उंचीची सागरी भिंत बांधण्यात आली आणि १९०३ ते १९११ या काळात सुमारे दोन हजार इमारती स्क्रू-जॅकनी उचलून त्यांच्याखाली वाळूचा भराव घालण्यात आला. १९१५ च्या वादळात या भिंतीने शहर राखले. २००८ मध्ये 'आइक' हे वादळ आले, तेव्हा राष्ट्रीय हवामान सेवेने ११ सप्टेंबरच्या सूचनेत, एक किंवा दोन मजली घरांत राहून जे निघण्याचा हुकूम मानणार नाहीत त्यांच्यापुढे निश्चित मृत्यू आहे, असे जाहीर केले. धोका मजल्यांच्या भाषेत सांगण्याची ती पद्धत क्लाइन यांच्या दारातली होती. 'ओव्हरफ्लो'ची सौम्यता मात्र तिच्यात नावालाही नव्हती. तरीही हजारो रहिवासी बेटावर राहिले. १३ तारखेच्या पहाटे वादळ तेथे धडकले. भिंत टिकली. पाणी मात्र मागच्या उपसागराकडून शहरात शिरले, आणि ते कुठवर चढले होते याची मापे पुढे मोजणीदारांनी घरांच्या भिंतींवर उमटलेल्या रेषांवरून घेतली.